फोनवरची तपासणी आणि आपली तयारी



ऊस पिवळा पडला की सभासद शेतकी ऑफिसात येतात. आम्ही विचारतो, लागण कधीची? जात कोणती? युरिया किती दिला? उत्तर येते, "ते काय ध्यानात नाही साहेब, तुम्ही औषध सांगा." मग आम्ही मोटारसायकल काढून फडावर जातो आणि पान डोळ्यांनी बघतो. फोनवर बोलणाऱ्या डॉक्टरला ही सोय नाही. म्हणून आज उसाऐवजी हा विषय.

आमची थोरली बहीण शहापूर तालुक्यातल्या आटगावला दिलेली. गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला आणि मुंबईत केमो सुरू झाली. अंगात त्राण नसताना कसाऱ्याकडून येणारी लोकल धरायची, दादरला उतरायचे, की दिवस गेलाच. त्यामुळे मधली एक तपासणी फोनवर ठरली तेव्हा सगळ्यांना हायसे वाटले. फोन आला तेव्हा दाजी खळ्यावर होते. रेंज येत-जात होती. त्रास काय, असे डॉक्टरांनी विचारले. दाजी म्हणाले, "काही नाही, बरंय सगळं." चार मिनिटांत काम उरकले. इकडे घरात आक्का पोलक्याची बटणे लागेनात म्हणून सुनेला हाक मारत होती. तीन आठवडे बोटांना मुंग्या येत होत्या. केमोच्या काही औषधांनी असे होते, आणि वेळेवर कळले तर डॉक्टरांना डोस कमी करता येतो. आक्काचे ते पुढच्या फेरीत कळले. चूक आम्हा घरच्यांची. फोनचा दिवस आम्हालाही ठाऊक होता, पण आम्ही कोणाला चार शब्द सांगितले नाहीत.

आमचे स्पष्ट मत असे, की फोनवर पेशंटनेच बोलावे. तिला आजाराचे नाव कळू नये म्हणून पुरुषांनी परस्पर उरकणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. सुई तिला टोचतात, तिला कळत नाही असे कसे?

आता आक्काच्या उशाशी एक वही असते. ताप, वजन, खाणे, शौच, दुखणे, सगळे तारखेनिशी. फोनच्या वेळी केसपेपर, ताजा रक्ताचा रिपोर्ट आणि औषधांच्या पट्ट्या समोर. कुणाच्या सांगण्यावरून काढा घेत असाल तर तोही सांगायचा, लाजायचे नाही. व्हिडिओ असेल तर उजेडाकडे तोंड करून बसावे, म्हणजे तोंडातले फोड दिसतात.

केंद्राच्या २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, फोनवर भागते की प्रत्यक्ष यायला हवे हे डॉक्टर ठरवतात. 'या' म्हटले तर घासाघीस करू नये.

आणि केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला गेला, तर ठरलेल्या फोनची वाट बघूच नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असल्या तर साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेततो. गोळीने ताप दाबून सकाळ करायची नाही. रात्र असली तरी रुग्णालयाला कळवून निघायचे.

कित्येक वस्त्यांवर रेंज नाही, घरात निवांत कोपरा नाही. प्रत्येक गट ऑफिसातली एक खोली अशा फोनसाठी सभासदांना द्यावी, असे आम्ही संचालक मंडळापुढे मांडणार आहोत. दार लावता येईल अशी खोली हवी, स्लिपबॉयच्या टेबलाशेजारी बसून कोणी शौचाचे सांगणार नाही. तोवर आमची खोली मोकळी करून देऊ. तोडणीचा कार्यक्रम लागतो त्या दिवशी तेवढे आधी कळवा, फार गर्दी असते.