झाकली मूठ आणि उघडा टीव्ही



परवा आमच्याकडे चार कुटुंबं जेवायला होती. व्याजाचे दर झाले, क्रिकेट झालं, भारतवारीची तिकिटं किती महाग झाली तेही झालं. मग कुणीतरी म्हणालं, "आम्ही 'ब्लॅक हँड्स' पाहिली." झालं! श्रीखंडाच्या वाट्या हातातच राहिल्या आणि बापाने केलं की मुलाने केलं ह्यावर अर्धा तास वाद रंगला. शेवटी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक काका शांतपणे म्हणाले, "काही म्हणा, आपल्यात नाही हो असलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. रात्री भांडी विसळताना मात्र ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

उपनगरातलं साधंसं घर, पुढे हिरवळ, मागे वाळत घातलेले कपडे, आणि आत काहीतरी भयंकर. टीव्हीला हा विषय फार प्रिय. अमेरिकेत तर कमाल झाली होती. लाँग आयलंडवरच्या एका शाळकरी मुलीने मे १९९२मधे आपल्या प्रियकराच्या बायकोवर गोळी झाडली, आणि त्याच डिसेंबरअखेरीपासून आठवड्याभरात तीन वाहिन्यांनी तिच्यावर तीन वेगवेगळे चित्रपट दाखवले. वर्षसुद्धा उलटलं नव्हतं!

आपल्या न्यूझीलंडने ह्या विषयाचे दोन अगदी उलट नमुने दिले आहेत. पहिला 'आउटरेजस फॉर्च्यून'. रेचल लँग आणि जेम्स ग्रिफिन ह्यांची ही मालिका २००५ ते २०१० अशी सहा पर्वं टीव्ही थ्रीवर चालली. पश्चिम ऑकलंडमधलं वेस्ट घराणं, धंदा चोरीचा. कर्ता पुरुष वुल्फ चार वर्षांसाठी आत जातो, आणि बायको शेरिल ठरवते की आता पुरे, ह्यापुढे सरळ मार्गाने जगायचं. रॉबिन माल्कमने ती शेरिल अशी काही उभी केली की परक्या देशातली असूनही ती आपल्या वाड्यातली कुणी खमकी मावशी वाटावी. पुढे २०१५ ते २०२० ह्या काळात ह्याच घराण्याच्या मागच्या पिढीवर 'वेस्टसाइड'ही आली.

दुसरा नमुना 'ब्लॅक हँड्स'. ही हसण्यावारी न्यायची गोष्टच नाही, कारण ती खरी आहे. २० जून १९९४, डनीडिनमधलं अँडरसन्स बे हे उपनगर. बेन कुटुंबातले आईवडील, दोन मुली आणि धाकटा मुलगा असे पाच जण गोळ्या लागून मेले. वाचला तो पहाटे वर्तमानपत्रं टाकायला गेलेला थोरला मुलगा, डेव्हिड. १९९५मधे ज्यूरीने त्यालाच दोषी ठरवलं. माजी ऑल ब्लॅक खेळाडू जो करम ह्यांनी त्याच्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली. २००७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने शिक्षा रद्द केली आणि २००९मधे क्राइस्टचर्चला फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. बचाव पक्षाचं म्हणणं असं, की वडिलांनीच सगळ्यांना मारून शेवटी स्वतःला संपवलं. २०१६मधे सरकारने त्याला ९,२५,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मार्टिन व्हॅन बेनन ह्या पत्रकाराच्या २०१७च्या पॉडकास्टवरून टीव्हीएनझेडने पाच भागांची मालिका केली, ती नोव्हेंबर २०२०मधे लागली.

मला त्यातली गोळीबाराची गोष्ट नाही लक्षात राहिली. राहिला तो कॅरॅव्हॅन. वडील एका छोट्या शाळेचे मुख्याध्यापक. आठवडाभर शाळेजवळ राहायचे आणि शनिवार-रविवारी घरी आले की अंगणातल्या कॅरॅव्हॅनमधे झोपायचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यात काय वाटणार? कॅरॅव्हॅन कुणाच्या अंगणात नसतो?

वेस्टांच्या घरात सगळे चोर, पण सगळे बोलके. एकमेकांच्या अंगावर ओरडतात, दारं आपटतात, सकाळचं भांडण संध्याकाळी सगळ्या गल्लीला ठाऊक. म्हणून ते घर सहा पर्वं टिकलं असं आपलं मला वाटतं! लेखकाने तारलं म्हणा हवं तर. पण भीती वाटते ती न आपटलेल्या दारांची.

आता काकांचं वाक्य. "आपल्यात नाही." काका, पुण्याचं मंजुश्री सारडा प्रकरण आठवतं का? जून १९८२. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते आणि ती विषाने गेली. नवऱ्याला खालच्या न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९८४मधे सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं. केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर काय काय सिद्ध व्हायला हवं, ह्याची पाच सूत्रं त्या निकालात आहेत. त्यांना 'पंचशील' म्हणतात आणि आजही न्यायालयांत त्यांचा आधार घेतला जातो. खून की आत्महत्या? डनीडिनमधे वडिलांच्या मृत्यूबद्दल पडला तोच प्रश्न पुण्यात बारा वर्षं आधी पडला होता.

आणि मंजुश्रीने पत्रं लिहिली होती हो. बहिणीला, मैत्रिणीला. सासरी आपण सुखात नाही हे त्यांत होतं. ती पत्रं पुढे न्यायाधीशांनी ओळ न् ओळ तपासली. पण तेव्हा ती नव्हती.

आपण इथे आलेली माणसं तर पत्रंही लिहीत नाही. रविवारी आईला फोन लावायचा आणि म्हणायचं, "सगळं मजेत." झाकली मूठ सव्वा लाखाची! नवी सून व्हिसावर आलेली, गाडी येत नाही, माहेर बारा हजार किलोमीटरवर. तिची मूठ तर कुणी उघडायचाच प्रश्न नाही. ऑकलंडमधे १९९५पासून 'शक्ती' ही संस्था आशिया, आफ्रिका, मध्यपूर्वेतून आलेल्या बायकांसाठी काम करते. आपल्यात नसतं असलं काही, तर तिची गरजच पडली नसती.

म्हणून मालिका बघू नका असं मी मुळीच म्हणणार नाही. मीही बघते, चहा गार होईपर्यंत बघते. पण बापाने केलं की मुलाने, हे कोडं सोडवताना आपण उशिरा पोचलेले असतो. ज्यूरीला नऊ जूनला विचारता येत नाही, "काय गं, बरी आहेस ना?" शेजाऱ्याला येतं. मैत्रिणीला येतं. आपल्या मंडळाला तर नक्कीच येतं.

तेव्हा येत्या कार्यक्रमाला कुणी "मजेत" म्हणाली, की लगेच बटाटेवड्यांच्या रांगेकडे वळू नका. जरा थांबा, आणि पुन्हा एकदा विचारा.

काका, रागावू नका हं. पुढच्या वेळी श्रीखंड जास्त करीन.