पुठ्ठ्याचे खांब
परवा कापडाच्या दुकानात तागा संपला आणि आतली पुठ्ठ्याची नळी दुकानदाराने कोपऱ्यात टाकली. मी उचलून अंगठ्याने दाबून पाहिली. तसूभर दबली नाही. एकदम जपानमधलं कोबे आठवलं. १७ जानेवारी १९९५चा भूकंप, आपल्या किल्लारीनंतर सव्वा वर्षाने झालेला. त्यानंतरच्या आगीत तिथलं ताकातोरीचं कॅथलिक चर्च जळालं. प्रार्थनेला येणाऱ्यांत व्हिएतनामहून आलेली निर्वासित कुटुंबं होती. परक्या देशात जेमतेम रुजलेली आणि पुन्हा उघड्यावर पडलेली. वास्तुकार शिगेरू बान यांनी त्यांच्यासाठी कागदी नळ्यांची घरं उभारली, वाळूच्या गोण्या भरलेले बिअरचे क्रेट पायाला घातले. आणि १६० स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत चर्चच्या जागी सभागृह उभं केलं, पाच मीटर उंच ५८ नळ्या लंबगोलात रोवून. तात्पुरतं म्हणून बांधलेलं ते दहा वर्षं टिकलं, मग सुटं होऊन तैवानला गेलं आणि तिथल्या १९९९च्या भूकंपाने मोडलेल्या एका गावात पुन्हा उभं राहिलं. आपल्याकडे आपत्तीनंतर पत्र्याची शेड ठोकली की काम झालं म्हणतात. मला हे मुळीच मान्य नाही. घर गेलेल्या माणसाला चारचौघांत बसायला जागा लागते, आणि ती देखणीच हवी. नळी मी मागून घेतली. घरात शिरताच ‘हे काय आणलंत?’ झालं; आता ती दाराशी उभी आहे, छत्र्यांच्या शेजारी.