पडीक कोण म्हणतं?

आधीच कबूल करते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. 'फोटोसिंथेसिस' झोपेत विचारलंत तरी सांगेन, पण 'प्रकाशसंश्लेषण' लिहायला आजही दोनदा खोडावं लागतं. तेव्हा मराठी विभागात लेख द्यायचं धाडस म्हणजे... असो. संपादकांनी सांभाळून घ्यावं!

विषय सुचला तो रूममेटमुळे. ती जत तालुक्यातली, मी सातारा शहरातली. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या गावी गेले होते. तिच्या घरामागे मोठा माळ आहे. सगळे त्याला 'पडीक' म्हणतात. चालताना पायाखाली कुरकुर वाजलं. बघते तर मातीवर काळपट, खडबडीत थर. तिची आजी म्हणाली, "खपली हाय ती." मी म्हटलं, "खपली? म्हणजे गहू?" सगळे इतके हसले की विचारू नका! आजीने तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं. थोड्याच वेळात ती काळी खपली चक्क हिरवट दिसायला लागली. "निजलीया नुसती, मेली न्हाय," आजी म्हणाली.

हॉस्टेलवर आल्यावर सबमिशन सोडून या निजलेल्या खपलीबद्दल वाचत बसले. पावसानंतर शेतात जी पापडी धरते ती वेगळी, ती नुसती माती. ही खपली जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, बुरशी आणि गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं मिळून मातीचे कण बांधून ठेवतात. जगाच्या एकूण जमिनीपैकी सुमारे १२ टक्के जमिनीवर अशा खपल्या आहेत, मुख्यतः कोरड्या प्रदेशांत.

आता वायूंचा हिशोब. कोरडी असताना खपली जवळजवळ काहीच देत-घेत नाही. पाऊस पडला की आधी श्वास सुरू होतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ओल टिकली आणि ऊन मिळालं, तरच प्रकाशसंश्लेषणातून (बघा, जमलं!) तो परत आत घेतला जातो. म्हणजे भुरभुर पाऊस पडून लगेच वाळलं तर तोटा, दिवसभर ओल राहिली तर नफा. अमेरिकेतल्या कोलोराडो पठारावर संशोधकांनी उन्हाळ्यात मुद्दाम वरचेवर १.२ मिलिमीटर एवढंच पाणी दिलं. एका हंगामात तिथलं बरचसं मॉस मेलं! हे २०१२ साली प्रसिद्ध झालं. खर्च रोजचा आणि कमाई नाही. महिनाअखेरीला आपल्या खिशाचं होतं तेच.

आणखी एक भानगड आहे. यातले काही जीव हवेतला नायट्रोजन मातीत बांधतात. चांगलंच आहे. पण त्यातला थोडा पुढे नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. तेव्हा खपलीला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. ती जमा-खर्चाची चालू वही आहे, एवढंच माझं म्हणणं.

मग प्रश्न असा, की ज्या जमिनीचं खातं रोज चालू आहे तिला आपण 'पडीक' कसं म्हणतो?

हे फक्त जतचं नाही. माझ्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास. म्हसवड, दहिवडीकडचे उघडे माळ एसटीच्या खिडकीतून बघून मी कायम म्हणायचे, "शी, किती रिकामं!" आता लाज वाटते. कारण उद्या सिव्हिलची डिग्री घेऊन अशाच माळावर जेसीबी नेणारी मीच असणार. पवनचक्कीचा रस्ता असो, सोलरचा प्रकल्प असो, नाहीतर झाडं लावायला चर खोदणं असो. सगळी कामं 'पर्यावरणासाठी'. पण चाकाखाली खपली तुटली की माती उघडी पडते, वाऱ्या-पावसाबरोबर वरचा कसदार थर जातो, आणि खपली पुन्हा धरायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. मेंढ्यांच्या खुरांनीही ती तुटते, हे खरं. पण मेंढरं पुढच्या माळावर जातात. आपलं काँक्रीट जात नाही.

मी पवनचक्कीच्या किंवा झाडांच्या विरोधात नाही. माझं म्हणणं साधं आहे. खोदण्याआधी मोजा. गाड्यांना एकच वाट ठेवा, सामान एकाच जागी उतरवा, उरलेला माळ तुडवू नका.

आणि मोजणं आपल्याला अशक्य नाही. एक पारदर्शक डबा, एक काळा डबा, आत कार्बन डायऑक्साइडचा इन्फ्रारेड सेन्सर. दोन्ही आळीपाळीने खपलीवर उपडे ठेवायचे, पावसाआधी आणि पावसानंतर. काळ्यात नुसता श्वास कळेल, पारदर्शकमध्ये श्वास वजा कमाई. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, दरवर्षी तोच लाइन फॉलोअर रोबोट करण्यापेक्षा हा प्रोजेक्ट घ्या ना! सरांनी गाइड म्हणून सही दिली तर जागा दाखवायला मी तयार आहे.

आजीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई. मग आता पाय जपून ठिवत जा."