शिंपी, तांबट आणि कोतवालाची शाळा

तुमच्या घरात किंवा सोसायटीत चौथी-पाचवीतलं एखादं मूल असेल, तर त्याला दहा पक्ष्यांची नावं विचारून बघा. मोर, पोपट, पेंग्विन, शहामृग धडाधड येतील. ओ फॉर ऑस्ट्रिच, पी फॉर पीकॉक पाठ असतंच. मग त्याला खिडकीत न्या आणि समोरच्या तारेवर बसलेल्या, दुभंगलेल्या शेपटीच्या काळ्या पक्ष्याचं नाव विचारा. बहुधा ‘कावळा’ असं उत्तर येईल. खरं तर तो असतो कोतवाल. आणि खरं सांगा, तुम्हाला तरी तो ओळखता आला असता का?

दोष मुलांचा नाही. आपण त्यांना पक्षी भिंतीवरच्या तक्त्यात दाखवतो आणि वर्षातून एकदा त्यावर कार्यक्रम घेतो. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतचा हा आठवडा राज्य सरकारनं २०२० मध्ये जाहीर केला. कल्पना छानच आहे. पण बऱ्याच ठिकाणी होतं काय? एक भाषण, एक चित्रकला स्पर्धा, लाकडी घरट्यांचं वाटप, ग्रुप फोटो आणि स्टेटस. ते घरटं नंतर कुठे टांगलं, त्यात कुणी आलं का, हे विचारायला कुणी जात नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की लहान मुलांना पक्ष्यांवर लेक्चर देणं बंद करू या. त्यांना बघू दे, मोजू दे, हातानं करून बघू दे. आणि हे काम करायला कॉलेजमधल्या आपल्यासारख्यांनी शाळांमध्ये जायला हवं.

सुरुवात करायला काही मोठी तयारी लागत नाही, कारण अर्धं काम मराठीनं आधीच करून ठेवलंय. आपल्याकडची पक्ष्यांची नावं म्हणजे कुणीतरी कधीकाळी नीट बघून, ऐकून केलेली नोंदच आहे. पानं शिवून घरटं करतो तो शिंपी. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ‘टुक टुक’ करतो तो तांबट. पावसाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ असं ओरडतो तो पावशा. घोळक्यानं कलकलाट करत फिरतात ते सातभाई. आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्याला, घारीलासुद्धा हुसकावून लावतो तो कोतवाल. मुलांना आधी फक्त नाव सांगा आणि हा पक्षी काय करत असेल ते ओळखायला लावा. मग मैदानात जाऊन शोधा. घरी आजी-आजोबांनाही विचारायला सांगा. भारद्वाजाला कुणाच्या घरी कुंभार कावळा म्हणत असतील, कुणाच्या घरी सोनकावळा, तर कुणाच्या घरी कुक्कुडकोंबा. वर्गात मग नावांचीच यादी तयार होते.

पुढचा तास स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा. सांडशी, चिमटा, गाळणी आणि स्ट्रॉ घ्या. ताटात शेंगदाणे, पाण्याच्या वाडग्यात तरंगणारी तुळशीची पानं आणि उंच बाटलीत थोडं सरबत ठेवा. कुठल्या ‘चोची’नं काय खाता येतं ते मुलांनाच शोधू दे. स्ट्रॉनं शेंगदाणा उचलत नाही म्हटल्यावर सूर्यपक्ष्याची चोच बारीक आणि लांब का, हे वेगळं समजवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी दोन मोठी पानं, जाड सुई आणि दोरा द्या आणि शिंप्यासारखं घरटं शिवायला सांगा. पान फाटतंच. तेवढासा पक्षी नुसत्या चोचीनं हे करतो, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते कुठल्याही तक्त्यातून येणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचा उपक्रम दिसायला सगळ्यात साधा आहे. दर शनिवारी सकाळच्या शाळेत, त्याच झाडाखाली, १५ मिनिटं बसायचं. कावळा, पारवा, साळुंकी, बुलबुल, चिमणी असे पाच रकाने आखायचे आणि दिसेल तशी एकेक रेघ मारायची. दिसलं नाही तर शून्य लिहायचं. शून्य लपवायचं नाही, कारण तीही नोंदच आहे. गणिताच्या तासाला त्याचाच आलेख काढता येतो.

असं बघायला लागलेलं मूल पुस्तकाला आणि आपल्याला प्रश्न विचारायला लागतं. बहिणाबाईंची सुगरणीवरची कविता आपण सगळे शाळेत शिकलो. पण पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीखाली थोडा वेळ थांबलात तर दिसतं की खोपा विणत असतो तो पिवळ्या डोक्याचा नर. मादी येते, अर्धवट झालेला खोपा तपासते आणि पसंत पडला तर तिथे राहते. ‘कोकिळा गाते’ असं आपण म्हणतो, पण ते ‘कुहू’ काळ्या नराचं असतं. याने कवितेची गोडी कमी होत नाही. उलट मोठ्यांचं वाक्यही तपासून बघता येतं, हे आठ वर्षांच्या मुलाला कळतं. विज्ञान शिकवायचं म्हणजे आणखी काय असतं?

सालिम अलींची गोष्टही हीच आहे. शाळकरी वयात एअरगननं पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्या पोराला उपदेश केला नाही. पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. एका मोठ्या माणसानं छोट्या प्रश्नासाठी वेळ काढला, एवढंच तिथे घडलं.

‘पण यानं नेमका फरक काय पडणार?’ असं कुणी म्हणेल. २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला, ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’. ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर तो उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतलाय. पण दीर्घ काळात काय झालं हे सांगता आलं फक्त ३३८ जातींबद्दल, आणि त्यातल्या ६० टक्के घटल्यात. उरलेल्या सहाशेवर जातींचं तसं सांगण्याइतक्या नोंदीच हाताशी नाहीत. जे कधी मोजलंच नाही, ते कमी झालं हे कळणार कसं? ज्या मुलानं दयाळाची शीळ कधी ऐकलीच नाही, त्याला ती थांबल्याचं दुःख तरी कुठून होणार?

शिक्षकांनी हे करावं, असं म्हणणं सोपं आहे. पण एका गुरुजींकडे दोन-दोन वर्ग, वर माहिती भरायची कामं, हे चित्र आपल्याला माहीत आहे. म्हणून त्यांना सल्ला देण्यापेक्षा त्यांच्या मदतीला गेलेलं बरं. एनएसएसचे वर्षाला १२० तास भरायचेच असतात. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटची क्रेडिट्स आली आहेत. त्यातला आठवड्याचा एक तास जवळच्या शाळेला दिला तर सर्टिफिकेटही मिळेल आणि काम खरंखुरं झालेलं असेल.

‘आम्हालाच पक्षी ओळखता येत नाहीत’ ही सबबही चालणार नाही. दहा पक्षी शिकायला दोन रविवार पुरतात. फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. त्यात कॉलेजांचे कॅम्पसही मोजले जातात आणि १५ मिनिटांची नोंदही चालते. सराव तिथेच करा. मर्लिनसारखं ॲप आवाजावरून पक्षी सांगतं, पण मुलांबरोबर असताना पहिली दहा मिनिटं मोबाइल खिशातच राहू दे. उत्तर आधी मिळालं की बघणं थांबतं. आणि काही पथ्यं पाळायचीच. घरट्याला, अंड्यांना हात लावायचा नाही. रेकॉर्ड केलेला आवाज लावून पक्ष्याला बोलवायचं नाही. घरट्याचा पत्ता रीलमध्ये टाकायचा नाही.

तिसरीच्या वर्गानं भरलेली वही वर्ष संपताना पुढच्या तिसरीच्या हाती द्यायची. अशी दहा वर्षं गेली तर त्या शाळेकडे आपल्या आवारातल्या पक्ष्यांचा दहा वर्षांचा हिशोब असेल आणि तो मुलांच्या अक्षरातला असेल. त्यासाठी लागतात एक शंभर पानी वही, पेन्सिल आणि शनिवारी सकाळी लवकर उठणारे तुमच्यातले दोघं-तिघं. मुख्याध्यापकांना भेटायला मात्र पक्षी सप्ताहाची वाट बघू नका.