कारेझच्या डोक्यावरचे प्लॉट

बिदर शहराच्या कडेला जमिनीचा भाव आता एकरावर कोणी सांगत नाही, चौरस फुटावर सांगतात. तुरीचे शेत मोडले की आधी जेसीबी येतो, तांबड्या मुरमाचे रस्ते आखले जातात, चुना लावलेले दगड कोपऱ्याकोपऱ्यावर रोवले जातात आणि प्लॉटच्या नंबरांचा फलक उभा राहतो. नौबादच्या बाजूला याच तांबड्या जमिनीच्या पोटातून बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला कारेझ जातो. लोक त्याला सुरंगबावी म्हणतात. सुमारे तीन किलोमीटरचा हा बोगदा आणि त्यावर अंतराअंतराने जांभ्यात खणलेली उभी तोंडे आजही आहेत. शहराच्या जमीनवापराच्या नकाशात रंग भरताना सर्वांत आधी ही जमिनीखालची रेघ आणि तिला पाणी देणारे माळ राखून ठेवले पाहिजेत. निवासी, व्यापारी, औद्योगिक हे बाकीचे रंग त्यानंतर. आज ज्या क्रमाने परवानग्या दिल्या जातात, त्यात आधी प्लॉट पडतो आणि मग खाली काय होते याचा शोध सुरू होतो.

कारेझ म्हणजे नुसता जुना बोगदा नव्हे, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. बिदरचे पठार वरून जांभ्याचे आणि खाली काळ्या कातळाचे आहे. पावसाचे पाणी जांभ्याच्या भेगांतून झिरपते, खालच्या घट्ट थरावर अडते आणि आडवे चालू लागते. पठाराच्या कडेला ते झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. गुरुद्वाराचा नानक झिरा त्याच पाण्याचा, आणि ज्या गुहेत कमरेएवढ्या पाण्यातून चालत जाऊन नरसिंहाचे दर्शन घ्यावे लागते ते पाणीही त्याच जातीचे. इराणकडून आलेले तंत्र आणि इथला खडक यांची सांगड घालून बहमनी कारागिरांनी हे आडवे पाणी बोगद्यात घेतले आणि अगदी सौम्य उतारावरून गावाकडे आणले. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. वरची तोंडे हवा खेळण्यासाठी आणि माणूस उतरून गाळ काढण्यासाठी. म्हणजे कारेझचे खरे शरीर बोगद्यापुरते नाही. ज्या माळावर पाऊस मुरतो तो माळही कारेझच आहे. त्या माळावर सिमेंटचे रस्ते आणि फरशी घातलेली अंगणे झाली, तर बोगदा शाबूत राहूनही कोरडा पडेल.

मग निर्णय कोण घेते? इथेच घोळ आहे. १९६१ च्या कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायद्यानुसार मास्टर प्लॅन करणे आणि त्यातला जमीनवापर बदलणे हे नगरविकास प्राधिकरणाचे काम. प्राधिकरणाचा अध्यक्ष सरकार नेमते. शेतजमीन बिनशेती करण्याचा अधिकार १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या ९५ व्या कलमाखाली जिल्हाधिकाऱ्यांचा. बांधकामाचा परवाना नगरसंस्थेचा. तीन दारे, तीन शिक्के. त्यातली बिनशेतीची वाट आता प्रतिज्ञापत्रावर पुष्कळ सोपी झाली आहे, आणि मास्टर प्लॅनमध्ये जमीन पिवळी, म्हणजे निवासी, असेल तर तिथे अडवण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून सगळा भार त्या पिवळ्या रंगावर येऊन पडतो. तो रंग बदलायचा तर १४-ए कलमाखाली वर्तमानपत्रात सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. पण सूचना सर्व्हे नंबराच्या भाषेत बोलते. पलीकडे उदगीर-निलंग्यात ज्याला सातबारा म्हणतात त्याला आपण पहाणी म्हणतो. नाव कोणतेही असो, त्या कागदावर पिकाचा रकाना असतो, मालकाचा असतो, खालून वाहणाऱ्या पाण्याचा नसतो. अमुक नंबरातली दीड एकर हिरव्याची पिवळी होणार, एवढ्यावरून कोणता नागरिक कशावर हरकत घेणार?

मोठ्या निर्णयांवर निदान चर्चा होते. कलबुर्गीजवळ होन्नकिरणगी-फिरोजाबादच्या शिवारात औष्णिक वीज प्रकल्पासाठी घेतलेली जमीन आता हजार एकरांच्या पीएम-मित्र वस्त्रोद्योग पार्ककडे गेली. त्यावर लोक बोलले, पुढेही बोलतील. बिदरचा पाणलोट मात्र दीड-दोन एकरांच्या तुकड्यांनी जातो आणि एकेक तुकडा इतका लहान असतो की त्याची बातमी होत नाही.

शेतकऱ्याची बाजू इथे वजनदार आहे आणि तिला डावलून पुढे जाता येणार नाही. जांभ्याच्या हलक्या जमिनीत पावसाच्या भरवशावर तूर, मूग, उडीद घेणाऱ्या माणसाला गुंठ्यागुंठ्याने विकून मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण पार पाडता येत असेल, तर शहराच्या पाण्यासाठी त्यानेच का थांबावे? त्याने फुकट थांबू नये, हे माझे उत्तर आहे. याच नियोजन कायद्याच्या १४-बी कलमात सार्वजनिक कामासाठी सोडलेल्या जमिनीच्या बदल्यात विकासहक्क देण्याची तरतूद आहे. आपण ती रस्ता रुंदीकरणाच्या संदर्भातच ऐकतो. कारेझच्या तोंडाभोवतीची जागा हीसुद्धा रस्त्याइतकीच सार्वजनिक गरज आहे, असे प्राधिकरणाने ठरवले तर मालकाला मोबदला मिळेल आणि तोंडही उघडे राहील.

दुसरी हरकत घर शोधणाऱ्या गरिबाची. मंजूर लेआऊटमधला प्लॉट परवडत नाही म्हणून तो बाँडपेपरवर घेतो. औराद, भालकीहून शहरात कामाला आलेला गवंडी किंवा चालक कर्ज काढून वीस बाय तीसचा तुकडा घेतो तेव्हा तो कायदा मोडायला निघालेला नसतो. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अनधिकृत मालमत्तांना बी-खाता देण्याची मोहीम काढली ती अशाच कुटुंबांचा विचार करून, आणि राहत्या घराला नोंद मिळणे योग्यच आहे. पण खाते उघडले की घर कराच्या वहीत येते. ते कारेझच्या तोंडावर आहे का, हे त्या वहीत कुठेच विचारलेले नसते. तोंडावर घर उभे राहिले की पुढचे ठरलेलेच. आधी बांधकामाचा राडारोडा त्यात जातो, मग वरून फरशी पडते, आणि एक दिवस तेच संडासाचा शोषखड्डा बनते. त्या घरातल्या मुलांच्या आरोग्याला याइतका धोका दुसरा नाही. म्हणून ही काळजी वारसाप्रेमींची आणि गरजूंची अशी वाटून टाकता येत नाही.

तिसरी हरकत जास्त वेळा ऐकू येते: आता कारंजा धरणाचे पाणी नळाला येते, सहाशे वर्षांपूर्वीच्या बोगद्याचे काय काम? या प्रश्नाला आपल्या शेजाऱ्याने उत्तर दिलेले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी पाणी आणावे लागले. जी मांजरा लातूर जिल्ह्यातून वाहते तीच आपल्या जिल्ह्यात येते. ज्या वर्षी लातूर तहानते त्या वर्षी बिदर सुखात असेल, ही आशा धरण्यासारखी नाही. त्याच सुमारास बिदरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांनी जुन्या विहिरी आणि कारेझचा गाळ काढण्याचे काम हाती घेतले, तेव्हा मातीखाली दडलेली तोंडे पुन्हा उघडी करावी लागली. केरळचे भूगोलाचे अभ्यासक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी या बोगद्यांचा माग काढून नकाशा केला. २०२० च्या यादीत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने दख्खनच्या पठारावरील जलव्यवस्थांना स्थान दिले. म्हणजे रेघ कुठून जाते हे आता गुपित नाही.

पुरातत्त्वाचा कायदा आहे ना, असेही म्हणतात. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, ही तरतूद महमूद गावानच्या मदरशासारख्या उभ्या इमारतीसाठी ठीक आहे. इमारतीच्या भोवती कुंपण घालता येते. पाणलोटाला असे कुंपण पुरत नाही, आणि सरसकट बंदी लादली तर माणसे पुन्हा बाँडपेपरकडेच वळतील. त्यापेक्षा साधी गोष्ट हातात आहे. प्रत्येक मंजूर लेआऊटमध्ये उद्यान आणि मोकळी जागा सोडण्याची सक्ती आहेच. ती कुठे सोडायची हे आज लेआऊट आखणाऱ्याच्या सोयीने ठरते आणि बागेच्या वाट्याला बहुधा ज्या तुकड्यात प्लॉट बसत नाही तो वाकडा कोपरा येतो. कारेझच्या पट्ट्यात ही मोकळी जागा रेघेवरच सोडली पाहिजे, तोंडाभोवती सोडली पाहिजे आणि तिथे फरशी न घालता माती उघडी ठेवली पाहिजे, एवढी एक अट मंजुरीच्या आदेशात घातली तर मालकाचा एक गुंठाही जास्त जात नाही. शेजारशेजारच्या लेआऊटांच्या बागा एका ओळीत येतील आणि खालून पाणी जात राहील.

मास्टर प्लॅन दहा वर्षांतून एकदा तपासण्याचे बंधन कायद्यातच आहे. पुढच्या तपासणीची वाट न बघता प्राधिकरणाने कारेझचा नकाशा सर्व्हे नंबरांवर चढवावा, ते नंबर कन्नड, मराठी आणि उर्दू तिन्ही भाषांत नगरसंस्थेच्या, तहसीलच्या आणि ग्रामपंचायतींच्या भिंतींवर लावावेत, आणि उपनिबंधकाकडे खरेदीखत नोंदवायला आलेल्या माणसाला सही करण्याआधी ती यादी दाखवावी. नौबादच्या माळावर चुन्याचे दगड लागलेले, पण पाया न खणलेले प्लॉट अजून बरेच आहेत.