उच्च शिक्षणासाठी मदत: अर्जाच्या वाटेवरचे पालक

बारावीचा निकाल लागला की आमच्या धर्मग्रामांच्या कार्यालयांत दोन निमित्तांनी वर्दळ वाढते. काही जण पेढे घेऊन येतात, काही बाप्तिस्म्याचा दाखला मागण्यासाठी येतात. आणि पुष्कळदा पेढे देऊन गेलेले पालकच आठवडाभराने दाखल्यासाठी परततात. अलीकडे या वर्दळीत तिसऱ्या प्रकारच्या पालकांची भर पडली आहे. त्यांच्या हाती कागदपत्रांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी असते, आणि यांतला नेमका कोणता कागद कमी आहे, हे त्यांना कोणीही सांगितलेले नसते.

गतवर्षी ऑगस्टच्या मध्यास असेच एक गृहस्थ आमच्याकडे आले. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी, वार्षिक उत्पन्न चार लाखांच्या आसपास. मुलगी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली, सीईटीचे गुणही बरे. परंतु ‘यादीत नाव लागेल याची खात्री काय?’ या कोणाच्या तरी बोलण्याने ते घाबरले आणि पत्नीचे दागिने गहाण ठेवून एका अभियांत्रिकी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातील जागा त्यांनी पक्की केली. पुढे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेच्या, म्हणजे ज्याला सारे ‘कॅप’ म्हणतात तिच्या, याद्या लागल्या. मुलीहून कमी गुण असलेल्या मैत्रिणीला त्याच महाविद्यालयात जागा मिळाली आणि शिक्षणशुल्कही माफ झाले. ते गृहस्थ आम्हाला म्हणाले, “फादर, कॉलेज तेच, वर्ग तोच, बाकही तोच. मग माझ्याच मुलीला का नाही?”

या प्रश्नाचे उत्तर शासननिर्णयात आहे. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्काचा शंभर टक्के लाभ दिला. त्यापूर्वी तो पन्नास टक्के होता. निर्णय स्वागतार्ह होता व आहे. तथापि प्रवेश कॅपमधून झालेला असला पाहिजे, व्यवस्थापन कोट्यातून वा संस्थास्तरावर घेतलेला नसावा, ही त्यातील अट जाहिरातीच्या फलकांवर ठळक दिसत नाही. खासगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही या योजनेच्या बाहेर आहेत. आणि आमच्या रेल्वे स्थानकांबाहेर सर्वांत मोठे फलक नेमके त्यांचेच लागतात. एकदा कोट्यातून प्रवेश घेतला की त्या वर्षापुरती नव्हे, तर त्या संपूर्ण अभ्यासक्रमापुरती वाट बंद होते. त्या गृहस्थांनी घाबरून घेतलेल्या एका निर्णयाची किंमत चार वर्षांची होती.

हे एका घरापुरते असते तर आम्ही त्यावर लिहिले नसते. गेल्या काही वर्षांत मदतीची दारे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकली आहेत आणि आपले पालक अजून जुन्या दारापाशीच उभे आहेत, असे आम्हाला दिसते.

ते जुने दार म्हणजे केंद्र शासनाच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या. २००६ साली जाहीर झालेल्या पंतप्रधानांच्या नव्या १५ कलमी कार्यक्रमातून त्या आल्या. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच्या ‘मेरिट-कम-मीन्स’ योजनेत अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील विद्यार्थ्याला वर्षाला २० हजारांपर्यंत शुल्क आणि वर निर्वाहभत्ता मिळे. आपल्या समाजात अनेकांना याच योजनेने शिष्यवृत्ती या शब्दाची ओळख करून दिली. पुढे चित्र पालटले. २०२२ च्या नोव्हेंबरात मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी व दहावीपुरती आकसली. त्याच वर्षाअखेर मौलाना आझाद संशोधनवृत्ती आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत देणारी ‘पढो परदेश’ योजना बंद करण्यात आली. ‘मेरिट-कम-मीन्स’साठी २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ३६५ कोटी होते, ते पुढील वर्षी ४४ कोटींवर आले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंत्रालयाने तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्थांत गैरव्यवहार आढळल्याचे जाहीर झाले आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. गैरव्यवहार करणाऱ्यांना शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. मात्र बनावट संस्थांच्या अपराधाचा भुर्दंड खऱ्या विद्यार्थ्यांनी का भरावा, हे आम्हाला आजही उमगलेले नाही.

याचा अर्थ ‘ख्रिस्ती’ या ओळखीवर मिळणारी मदत संपली असा नव्हे. राज्य शासनाची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती महाडीबीटी संकेतस्थळावर आहे. परंतु मोठी मदत आता समाजाच्या नावावर नव्हे, उत्पन्नाच्या आकड्यावर मिळते. खुल्या प्रवर्गातील मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांचे निम्मे शिक्षणशुल्क शासन भरते. ‘ईडब्ल्यूएस’ प्रमाणपत्रालाही धर्माची अट नाही. तरीही ‘ते आपल्यासाठी नसते’ असे सांगणारे सुशिक्षित लोक आम्हाला चर्चच्या आवारातच भेटतात. केंद्रीय संस्थांसाठीचा नमुना आणि राज्यासाठीचा नमुना वेगळा असतो, व केंद्राच्या नमुन्यात पाच एकर शेतजमिनीची मर्यादा आहे, एवढे मात्र ध्यानी ठेवावे. अल्पसंख्याक संस्थांना ईडब्ल्यूएस आरक्षण लागू नाही, हेही विसरू नये. आपल्याच ख्रिस्ती महाविद्यालयात त्या प्रमाणपत्रावर राखीव जागा मागणारे पालक निराश होऊन परततात.

आता कागदांविषयी. येथे थोडे थांबून लिहिणे भाग आहे, कारण अनेकांचे अर्ज पात्रतेअभावी नव्हे तर येथेच अडतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. नोकरदाराला वेतनाचा पुरावा जोडता येतो. ज्यांचे उत्पन्न वाडीतून, मासेमारीतून, रिक्षातून वा घरभाड्यातून येते त्यांना आधी तलाठ्याचा अहवाल मिळवावा लागतो. निकालानंतर सारा तालुका एकाच वेळी सेतू केंद्रात उभा राहतो आणि दाखला हाती येईपर्यंत प्रवेशफेरी सरकून जाते. प्रमाणपत्राऐवजी अर्जाची पावती जोडून प्रवेश घेतलेल्यांना मूळ कागद मुदतीत देता आला नाही, तर प्रवर्गाचा लाभ जातो. इतर मागास वर्गातील कुटुंबांना जातप्रमाणपत्र, जातपडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर असे तीन टप्पे पार करावे लागतात. त्यांतील पडताळणी तर अकरावीतच सुरू केलेली बरी.

दुसरी अडचण नावांची. ही तर आपल्या समाजाची खास मालमत्ता! आधारपत्रावर घोन्साल्विस आडनावाच्या अखेरी इंग्रजी ‘एस’ असतो, शाळेच्या दाखल्यावर ‘झेड’. वडिलांचे नाव एका कागदावर ‘जॉन’, दुसऱ्यावर ‘जुआंव’. आई लग्नापूर्वीच्या आडनावाने शिधापत्रिकेवर आणि सासरच्या आडनावाने बँकेत. यंत्राला हे तीन निरनिराळे इसम वाटतात. आमच्या जुन्या नोंदवह्या लिहिणाऱ्या धर्मगुरूंनीही या घोळात आपला वाटा उचलला आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

तिसरी गोष्ट बँकखात्याची. थेट लाभाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाते अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुतः ती आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. शाळेत असताना उघडलेले व आता बंद पडलेले खाते, किंवा सिमकार्ड घेताना नकळत उघडले गेलेले खाते, यांत रक्कम जाऊन बसल्याची उदाहरणे आहेत. अर्ज करण्यापूर्वी बँकेत जाऊन ‘आमचे आधार सध्या कोणत्या खात्याशी जोडलेले आहे?’ एवढे विचारावे. पाच मिनिटांचे काम आहे.

सारे कागद बिनचूक असले तरी एक कठीण प्रश्न उरतोच. शासन महाविद्यालयाला जी रक्कम देते ती मागाहून. महाविद्यालयाला पगार करायचे असतात आत्ता. माफीस पात्र मुलींकडून शुल्क मागू नये असे शासनाने बजावले आहे, तरीही ‘आधी भरा, आले की परत देऊ’ असे सांगणाऱ्या खिडक्या आहेत. शिवाय शंभर टक्के माफी म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची. वसतिगृह, अनामत, रेल्वेचा पास, संगणक हे सारे घरानेच पाहायचे. म्हणजे मदत खरी, पण जुलै-ऑगस्टमधल्या रोख रकमेची गरज जशीच्या तशी. दागिने गहाण पडतात ते याच दोन महिन्यांत.

यावर उपाय म्हणून कर्जाकडे बोट दाखविले जाते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-विद्यालक्ष्मी’ योजना मंजूर केली: तारण नाही, जामीनदार नाही, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. ऐकायला उत्तम. परंतु ती राष्ट्रीय क्रमवारीतील निवडक संस्थांपुरती आहे; आरंभी अशा ८६० संस्था होत्या. तालुक्याच्या अंतरावर शिकणाऱ्या आपल्या बहुसंख्य मुलांची महाविद्यालये त्या यादीत सापडतीलच असे नाही. त्यांच्यासाठी बँकांचे नेहमीचे शैक्षणिक कर्ज आहे. त्यात ४ लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, हे शाखेत ठामपणे सांगावे लागते.

कर्जाचा हिशेब मात्र मुलासमोर बसून करावा. दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार वर्षांत चार लाख उचलले, व्याज सरळ दहा टक्के धरले आणि शिक्षणानंतर एक वर्षाची सूट घेतली, तर पहिला हप्ता भरण्यापूर्वीच १ लाख ४० हजार व्याज चढलेले असते. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रम नॅक वा एनबीए मानांकित असेल, तर या काळातील व्याज केंद्र शासन भरते. ही सवलत आपोआप लागत नाही, ती मागावी लागते. नेमक्या याच एका तरतुदीने त्या कारखान्यातील गृहस्थांना थोडा दिलासा मिळाला.

उत्पन्नाच्या मर्यादेविषयी थोडे अप्रिय लिहितो. शाहू योजनेसाठी ८ लाखांचा आकडा २०१७ साली ठरला. ज्या पतिपत्नींचा पगार मिळून ८ लाख २० हजार होतो त्यांना काहीच मिळत नाही. त्यांचा प्रत्येक रुपया कागदावर असतो. शेजारी चाळीचे भाडे रोखीने घेणाऱ्याचे उत्पन्न मात्र दाखल्यावर दीड लाख दिसते. ‘सगळेच करतात, फादर’ हे आम्हाला ठाऊक आहे. त्या दीड लाखाच्या दाखल्यावर गेलेला पैसा कोणाच्या तरी मुलीचा होता, हेही आम्हाला ठाऊक आहे. दोष मर्यादेचाही आहे: एका रुपयाने सारे मिळावे किंवा सारे जावे, अशी रेषा आखणारे शासन पालकांना खोटे बोलण्याचा मोह घालते. उतरत्या क्रमाने सवलत देणे अशक्य नाही.

आणि ज्या बांधवांना यातील पुष्कळसे लागूच नाही, त्यांचा उल्लेख टाळता येणार नाही. आदिवासी ख्रिस्ती विद्यार्थ्याचा अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मामुळे जात नाही. दलित ख्रिस्ती विद्यार्थ्याला मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळत नाही. तोच आदेश १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी सुधारला गेला. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी न्या. बालकृष्णन आयोग २०२२ च्या ऑक्टोबरात नेमला गेला. मराठवाड्यातील व नगर भागातील आपल्या धर्मबांधवांची मुले तोवर दरवर्षी कॉलेजात जाण्याच्या वयाची होतच आहेत.

वसईत १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक पतसंस्था उभी राहिली, तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. आज धर्मग्रामाने नवी बँक काढावी असे कोणी म्हणणार नाही. पण जुलै-ऑगस्टच्या दोन महिन्यांसाठी बिनव्याजी उसनवार देणारा आणि शासनाची रक्कम आली की परत घेणारा एखादा छोटा निधी आपल्या संघटनांना जमण्यासारखा आहे. त्याहूनही सोपे म्हणजे ज्यांनी हे अर्ज एकदा भरले आहेत अशा चार पालकांनी मे महिन्यात रविवारी तासभर सभागृहात बसावे. सायबर कॅफेतील दलालाला दिले जाणारे पाचशे-हजार रुपये तरी वाचतील.

त्या गृहस्थांचे दागिने अद्याप सुटलेले नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा यंदा अकरावीत आहे. मुलगा असल्याने त्याला माफी मिळालीच तर निम्मी मिळेल, हे त्यांना आता नीट ठाऊक आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे कोणत्या वारी जावे, हे विचारण्यासाठी मागच्या रविवारी मिस्सेनंतर ते थांबले होते.