स्टीव्हन्ससाहेबांची सही कुठून आणू?

प्रति,
छायाचित्र परीक्षण विभाग
(संस्थेचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांना लागायचं त्यांना ते लागेलच.)

महोदय,

मुंबईच्या सीएसएमटी स्थानकाचा, दिवे लागल्यावरचा फोटो पुन्हा परत आला. कारण तेच: ‘मालमत्तेच्या मालकाचं परवानगीपत्र जोडलेलं नाही.’ मागच्या खेपेला मी सविस्तर लिहिलं होतं, कायद्याचं कलमसुद्धा दिलं होतं. त्यावर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं तुमच्या यंत्राने कळवलं. मोल किती, ते कळवलं नाही. म्हणून आता चारचौघांत लिहितो.

ही इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिली. तिचे वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १९०० साली वारले. ते शिवडीच्या दफनभूमीत आहेत, तिथे सही मिळण्यासारखी नाही. भारतात कलाकृतीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, पूर्वी ५० वर्षं टिकायचा. कुठलाही हिशेब लावा, १९६० साल उलटल्यावर तिथे कोणाचाही कसलाही हक्क उरत नाही. आणि उरला असता तरी काही अडत नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२(१)(एस) हे कलम स्वच्छ सांगतं की वास्तूचा फोटो काढणं किंवा तो प्रसिद्ध करणं हा हक्कभंग नव्हे. त्याच्या लगतचा ‘टी’ खंड सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पांनाही तीच मोकळीक देतो. २००४ साली युनेस्कोने ही इमारत जागतिक वारसा ठरवली. लोकांनी तिचे फोटो काढावेत म्हणून समोर महापालिकेने सेल्फी पॉइंट बांधून दिला. मी फलाटावर गेलो नाही, रेल्वेच्या हद्दीत ट्रायपॉड लावला नाही, रस्त्यापलीकडून फोटो काढला. आता परवानगी कोणाची राहिली?

तुमचा घोळ कुठून येतो याचा मला अंदाज आहे. पॅरिसचा आयफेल टॉवर दिवसा कोणीही टिपावा आणि विकावा. रात्रीच्या रोषणाईवर मात्र तिथली व्यवस्थापन संस्था हक्क सांगते. ती सोनेरी रोषणाई १९८५ सालची आहे. फ्रान्समध्ये हे चालत असेल, चालू द्या. तो नियम उचलून बोरीबंदरला चिकटवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? ताजमहाल हॉटेलचं मी समजू शकतो. त्यांनी २०१७ साली इमारतीचं रूपच ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. त्यामुळे तो फोटो मी तुमच्याकडे पाठवलेलाच नाही. नियम आम्हालाही वाचता येतात.

मरीन ड्राइव्हच्या फोटोचंही तेच. कमान धरून उभ्या असलेल्या त्या आर्ट डेको इमारती २०१८ साली जागतिक वारशात गेल्या. तुमच्या अटीप्रमाणे मी प्रत्येक सोसायटीच्या अध्यक्षाची सही आणायची. मुंबईतल्या सोसायट्या तुम्हाला माहीत नाहीत. निम्म्या ठिकाणी अध्यक्ष कोण, यावरच दावा चालू असतो.

तुम्हाला चालेल असं तिन्हीसांजेचं शहर म्हणजे काय, एवढं एकदा सांगून टाका. सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली ६ अंश उतरेपर्यंत मुंबईत २२ ते २४ मिनिटं मिळतात. जूनमध्ये लंडनच्या छायाचित्रकाराला त्यासाठी पाऊण तास मिळतो. आमच्या या तेवढ्याशा वेळात आभाळाचा निळा आणि दिव्यांचा पिवळा बरोबरीत येतो तो त्याहूनही थोडा वेळ. आणि नेमके तेव्हाच दुकानांचे बोर्ड, बँकांच्या पाट्या, हॉटेलांची नावं पेटतात. दुपारी यातलं काही डोळ्यांत भरत नाही, म्हणून तोच रस्ता, तोच कोन, भर दुपारी काढलेला फोटो तुम्ही घेतलात. संध्याकाळचा ‘लोगो दिसतात’ म्हणून परत केलात. लोगो पुसले, तर ‘अतिप्रक्रिया’. न पुसता एडिटोरियलमध्ये, म्हणजे बातमीपुरत्या वापराच्या विभागात टाकला, तर कॅप्शनमध्ये गाव, देश, तारीख तुमच्या साच्यात नाही म्हणून परत. कॅप्शन सुधारली, तर कळलं की एकदा व्यावसायिक विभागात नाकारलेला फोटो ‘सारखाच आशय’ या सदरात मोडतो. त्या फोटोतल्या सिनेमाच्या जाहिरातीवरच्या चित्राला स्वतंत्र हक्क असतो, ते मला मान्य आहे. १५ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये माणसांचे नुसते धूसर पट्टे उरले होते, त्यांच्यासाठी मॉडेल रिलीज, म्हणजे संमतीपत्र मागणाऱ्याला मात्र मला एकदा भेटायचं आहे.

नॉइजबद्दल फार लिहीत नाही. अंधारात सेन्सरला प्रकाश कमी मिळतो, त्यामुळे सावल्यांत दाणे येतात. तुमचा परीक्षक ६०००×४००० चा फोटो पूर्ण आकारात उघडून एखाद्या कोपऱ्यातली खिडकी बघत बसतो. बरं, तुमची किमान अट ४ मेगापिक्सेलची आहे. म्हणून मी तो ३०००×२००० केला. चार पिक्सेलांचा एक झाला की नॉइज निम्म्यावर येतो. तरी परत, या वेळी ‘तपशील अपुरा’. फोटोत दोष कुठे आहे तिथे एक गोल काढून दाखवा, एवढंच मागत होतो. तेवढंही जमलं नाही.

पद्मिनी टॅक्सीचा फोटोही असाच परत आला. शेवटची काळीपिवळी पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली. २० वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. नंबरप्लेट दिसते हा आक्षेप एक वेळ रास्त आहे. ती झाकून पाठवल्यावर ‘ताज्या छायाचित्रांना प्राधान्य’ असं उत्तर आलं. ताजी पद्मिनी कुठून आणू?

आणि हे सगळं कशासाठी, तेही वाचकांना कळू द्या. तुमच्या धंद्यातल्या एका बड्या संस्थेने १ जून २०२० पासून एका फोटोमागचा किमान मोबदला १० सेंटवर आणला. म्हणजे तेव्हाचे साडेसात रुपये. दोनच दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग वादळाने आमच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या गावात, केळशीत, सेंटांचा हिशेब कोणी केला नाही. साडेसात रुपयांत इथे शहाळंही मिळत नाही.

गंमत बघा. केळशीच्या किनाऱ्याचे माझे सूर्यास्त तुम्ही डोळे मिटून घेता. तिथल्याच महालक्ष्मीच्या चैत्रातल्या उत्सवाच्या रात्रीचा, देवळाचा फोटोही लगेच पास झाला. देवळाच्या विश्वस्तांची सही तुम्ही मागितली नाही, आणि तीच मागितली असतीत तर मी दहा मिनिटांत आणून दिली असती. वाळूची टेकडी, उटंबरचा डोंगर, भारजेची खाडी, सगळं चालतं. बोर्ड नाही, गर्दी नाही, ओळखीची इमारत नाही. तुमच्या सगळ्या अटींत बसणारं शहर माझ्या माहितीत एकच आहे, आणि तिथे ग्रामपंचायत आहे. गिऱ्हाइकाने ‘मुंबई, संध्याकाळ’ असं शोधलं की त्याला केळशी दाखवा आणि मोकळे व्हा.

परवानगीपत्राचा अर्ज मी भरून ठेवला आहे. ‘मालकाची सही’ हा एकच रकाना रिकामा आहे. घटनेच्या २९९ व्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारचे करार राष्ट्रपतींच्या नावाने होतात. तेव्हा दिल्लीला जायचं, की मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांवर भागेल, ते यंत्राने नव्हे, माणसाने कळवावं. तुमच्या दुकानात आजही सीएसएमटीचे दिवे लागलेले कितीतरी फोटो विक्रीला आहेत. त्यांच्यासाठी ही सही कोणी दिली, त्याची एक प्रत उत्तरासोबत जोडावी. न जोडल्यास तुमचं उत्तर अपूर्ण समजून परत पाठवण्यात येईल.

आपला,
एक पुरवठादार
केळशी, ता. दापोली, जि. रत्नागिरी